फक्कीचे चौकोन

यंदा पुन्हा टँकर सुरू झाला. चांगलं ऊन डोक्यावर आल्यावर तो येतो, वेशीजवळच्या चढाला थोडा कण्हतो, मग लांब भोंगा देतो आणि बाजारतळावरची धूळ उठून उभी राहते, जणू गावातली पहिली बाई तीच पाण्याला निघाली. टाकीच्या झाकणातून हिंदकळत आलेल्या पाण्याची एक काळी रेघ डांबरावर उमटलेली असते. कुत्री ती रेघ चाटत चाटत गावात येतात. मधली काही वर्षं बरी गेली, म्हणून हा भोंगा आपण विसरलो असू असं मला वाटलं होतं. पण तो वाजला आणि घरात माझी बायको मंदा हातातलं लाटणं खाली ठेवून उठलीसुद्धा. गुडघ्यांना विचारायच्या आत तिचं अंग उठलं होतं.

मी दूध संस्थेच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला असतो. संस्थेचा मी सेक्रेटरी. आता संस्थेत दूध नाही, सभासद नावापुरते, पण सेक्रेटरी शाबूत आहे. गावात काही जण मला बापू म्हणतात आणि ज्यांना चिमटा काढायचा असतो ते सेक्रेटरी म्हणतात. समोर बाजारतळ, उजव्या हाताला वेस, डावीकडं पंचायतीची कचेरी आणि मधोमध एक मोठा लिंब. या ओट्यावरून मी गावाची अनेक नाटकं पाहिली. एका नाटकात तर मी स्वतःच काम केलं. राजाचं करायला गेलो होतो, वाट्याला काय आलं ते पुढं सांगतो.

मी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली होती. एकदाच. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आमच्या भागाला वळसा घालून गेला होता.

त्या हंगामाचा मला पहिला आठवतो तो वास. संस्थेत दूध कमी झालं की आंबूस वास वाढतो. भरल्या कॅनना फारसा वास नसतो, रिकाम्या कॅनना असतो. सकाळी सहाला माझ्यापुढं जी रांग असायची ती दिवाळीनंतर निम्मी झाली, संक्रांतीला चार-पाच माणसं उरली. मग गावातली जनावरं चारा छावणीत गेली. तिथं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाऊन म्हशी रवंथ करत बसायच्या आणि त्यांचे मालक त्यांच्या शेजारी तसेच बसायचे. एक दिवस एकच माणूस तांब्याभर दूध घेऊन आला. मी रीतसर मापलं, फॅट काढली, पावती फाडली. तो म्हणाला, “सेक्रेटरी, एवढ्या दुधाला एवढा कागूद?” मी म्हणालो, “सहकार आहे बाबा हा, नियमानं चालतो.” त्यानं पावती खिशात घातली आणि जाताना सांगितलं की उद्यापासून तेवढंही येणार नाही, म्हैस आटली.

तर दूध आटलं म्हणून मी राजकारणात गेलो. लोक समाजसेवेच्या तळमळीनं जातात असं मी भाषणात म्हणायचो, पण खरं कारण हे की सकाळी सहा ते नऊ मला काही काम उरलं नव्हतं.

रिकाम्या माणसाच्या हाती कागद लागला की तो धोकादायक होतो. माझ्या हाती पंचायतीचं अंदाजपत्रक लागलं. दिवाबत्ती, गटारी, पाणीपुरवठा, सादिल खर्च. या सादिल शब्दावर माझं प्रेम बसलं. ज्याला नाव देता येत नाही तो सगळा खर्च त्या एका शब्दाच्या पदराखाली झाकलेला. आणि खाली कोपऱ्यात एक ओळ होती: बाजारतळ सुधारणा. मी जुनी अंदाजपत्रकं काढून पाहिली. ती ओळ दर वर्षी होती. दर वर्षी तिच्यापुढं तरतूद होती आणि दर वर्षी वर्षअखेरीला ती तशीच्या तशी पुढं सरकवलेली. लग्न ठरून ठरून मोडणाऱ्या मुलीसारखी ती ओळ तिथं उभी होती. मला तिची दया आली. मी ठरवलं, हिचं आपण करून द्यायचं.

त्या वेळचा बाजारतळ म्हणजे खड्डे, दगड आणि उघडं गटार. गुरुवारी बाजार भरायचा. आसपासच्या वाड्यांवरून बाया माळवं घेऊन यायच्या आणि त्यांना दिवसभर आडोशाला जायला जागा नव्हती. सावली म्हणजे एक लिंब. त्या लिंबाखाली शेवंताकाकूची चहाची टपरी होती. चार पत्रे, एक बाकडं, रॉकेलचा स्टो, ॲल्युमिनियमची किटली. काकूचा मुलगा दगडू आणि सून दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जात, ती दोघं परतायची पाडव्याच्या पुढंमागं. त्यांची दोन लेकरं तोवर काकूपाशी. ती लेकरं आणि काकू त्या किटलीवर जगत. एवढं सगळं मला माहीत होतं. मी रोज तिथंच चहा प्यायचो.

मी आराखडा केला. संस्थेच्या जुन्या हिशेबाच्या पुठ्ठ्यामागं आधी, मग तालुक्याच्या गावाहून, केजहून, मोठा कागद आणून. चोवीस गाळे, झाकलेलं गटार, बायांसाठी स्वच्छतागृह, बाजारकरूंना पत्र्याची शेड, लिंबाला पार. रंगीत पेन्सिली वापरल्या होत्या. मंदानं पाहिलं आणि म्हणाली, “अहो, लई झ्याक दिसतंय. पर ह्यात माणसं कुठं हाईत?” मी म्हणालो, आराखड्यात माणसं काढत नसतात. ती म्हणाली, “आसं व्हय,” आणि भाकरी थापायला गेली.

आमच्या वॉर्डात दोन पॅनल असायची, पण दोन्हींचे दोरे आबांच्या हातात. आबा म्हणजे गावातले मोठे जमीनवाले, कारखान्याचे सभासद, वाकून नमस्कार केला तर हसून पाठीवर हात ठेवणारे. वाईट माणूस नव्हे. टँकरसाठी तहसीलला खेटे घालायचे ते आबाच. मी त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभा राहिलो, तर त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, “उभा ऱ्हा, बापू. गावात जरा करमणूक पायजेच.”

चिन्ह मिळालं नळ. दुष्काळात नळ. मी तहसीलमधून बाहेर आलो तेव्हा सोबतचे लोक हसून खाली बसले होते. गावात भिंतीवर नळ रंगवला, त्याच्या तोंडाशी रंगाऱ्यानं हौसेनं एक निळा थेंबही काढला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या थेंबाखाली फुटकं मडकं आणून ठेवलं होतं. मी ते काढलं नाही. जाहिरात ती जाहिरात.

आता गफूरभाईबद्दल सांगायला हवं. गफूरभाई आमच्या गावचे गवंडी, माझे जुने दोस्त. त्यांची काम करायची एक रीत होती. घर बांधायचं ठरलं की पाया खणायच्या आधी ते मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीनं, चुन्याच्या भुकटीनं, आख्खं घर काढायचे, खऱ्या मापाचं. मग घरधनिणीला बोलवायचे आणि त्या रेघांच्या आत चालायला लावायचे. “चला भाभी, सैपाक करा.” ती बाई लाजत लाजत आत शिरायची, नसलेल्या चुलीपाशी बसायची, नसलेल्या मोरीत भांडी ठेवायची, आणि हमखास म्हणायची, मोरी लांब पडते. गफूरभाई पायानं रेघ पुसायचे, दुसरी ओढायचे. गावातल्या कितीतरी मोऱ्या अशा चार-चार हात सरकल्या आहेत.

माझा आराखडा पाहून ते म्हणाले, “सेक्रेटरी, ये कागज किसको समजता? जमिनीवर काढू. लोकायला आत चालू द्या.”

मला ती कल्पना इतकी आवडली की मी लगेच फक्कीचं पोतं आणलं. बुधवारी सकाळी आम्ही सुतळी लावून सुरुवात केली. गफूरभाई वाटीनं फक्की सोडायचे, हात असा की रेघ जराही थरथरायची नाही. मी टेप धरून मागं मागं. फक्की नाकातोंडात गेली, जिभेला दोन दिवस चुन्याची चव होती. दुपारपर्यंत बाजारतळावर माझं आख्खं स्वप्न पसरलं होतं: पांढरे चोवीस चौकोन, गटाराच्या दोन समांतर रेघा, लिंबाभोवती गोल. मी ओट्यावर चढून पाहिलं. वाऱ्यानं धूळ उडत होती आणि तिच्याखाली एक नवंकोरं गाव दिसत होतं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे मंदाला माहीत आहे.

पण चूक तिथंच झाली. गफूरभाईंच्या फक्कीला गाव ओळखत होतं, पण ती कुणाच्या तरी स्वतःच्या मोकळ्या जागेत पडायची. लोकांच्या उठण्याबसण्याच्या जागेतून फक्की गेलेली गावानं एकदाच पाहिली होती, केजच्या रस्त्याला. तिथं रुंदीकरणाच्या वेळी अशाच पांढऱ्या रेघा पडल्या आणि चौथ्या दिवशी जेसीबी आला. आमच्या रेघा पडल्यावर तासाभरात चपलावाला, पंक्चरवाला, भज्याचा गाडीवाला आपापल्या टपरीच्या पोटातून गेलेली रेघ बघत उभे राहिले. मी सांगत होतो, या, आत चालून बघा. कुणी आत पाऊल टाकेना. रेघेच्या अलीकडं सगळे असे उभे होते की जणू पलीकडं पाणी खोल आहे.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

आमची सार्वजनिक विहीर तळाला गेली होती, म्हणून टँकर बाजारतळावरच उभा राहून पाणी वाटायचा. रांगेत बाया उभ्या राहत नसत, त्यांच्या वस्तू राहत. फुटकी घागर, दगड, एक चप्पल, विटेचा तुकडा. माणूस घरी कामात, चप्पल रांगेत. आणि रोज भांडण, की माझा दगड इथं होता, तो तिथं कुणी नेला. दगडांना तोंड नसतं म्हणून त्यांच्या वतीनं बाया बोलायच्या आणि ते बोलणं वेशीबाहेर ऐकू जायचं. त्या दिवशी बाया आल्या, त्यांनी माझे चौकोन पाहिले आणि एकीनं पहिल्या चौकोनात आपला हंडा ठेवला. दुसरीनं दुसऱ्या. बघता बघता माझ्या चोवीस गाळ्यांत हंडे, कळश्या, डबे जाऊन बसले. एका घराला एक चौकोन. त्या दिवशी भांडण झालं नाही.

गफूरभाई माझ्याकडं बघून म्हणाले, “लो, गाळे भर गये.”

मला राग आला होता. खरंच आला होता. माझ्या व्यापारी संकुलात प्लॅस्टिकच्या घागरी. मी ओट्यावर चढलो, लग्नातून आणलेला लाउडस्पीकर सुरू केला आणि भाषण ठोकलं. अंदाजपत्रकातली ती बिचारी ओळ वाचून दाखवली. सादिल शब्दाचा असा काही उच्चार केला की लोक हसले. हसू मिळालं की माझा ताबा सुटतो. मी हात फिरवत एकेका चौकोनाचं वर्णन केलं: इथं किराणा, इथं कापड, इथं खताचं दुकान. पंचायतीला भाडं येईल, भाड्यातून दिवाबत्ती होईल, आणि आपलं गाव तालुक्याला मागं टाकील.

शेवंताकाकू टपरीतून बाहेर आली होती. हातात फडकं. लिंबाभोवतीची गोल रेघ तिच्या बाकड्याखालून जात होती आणि पहिला गाळा तिच्या स्टोवर होता. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं, “बापू, हे बांदायला किती दिस लागत्याल?”

“वर्ष, दीड वर्ष, काकू.”

“मग तोवर मी कुठं बसू?”

साधा प्रश्न होता. आवाजही चढा नव्हता. माझ्या हातात माइक होता आणि समोर गाव. मी म्हणालो, “काकू, विकास व्हायचा म्हणजे थोडी कळ सोसावी लागते.” टाळ्या पडल्या. मागं उभ्या असलेल्या आबांच्या माणसानंही वाजवल्या. काकूनं फडकं खांद्यावर टाकलं आणि ती आत गेली. मी तिची पाठ पाहिली आणि पुढचं वाक्य बोलायला लागलो. ते वाक्य काय होतं ते आता आठवत नाही. पाठ आठवते.

त्या दिवसांचा शीण कसा होता हे सांगणं अवघड आहे. उन्हात राबून येतो तो शीण झोपेनं जातो. दुष्काळात काम नसतं आणि तरी माणूस संध्याकाळी मोडलेला असतो. सगळं गाव मधल्या वेळेत अडकलेलं. टँकर येईतोवर, पाऊस पडेतोवर, माणसं कारखान्यावरून परतेतोवर. लेकरं आज्यांपाशी, म्हशी छावणीत, दागिने दुसऱ्याच्या कपाटात, आणि आपण आपल्याच दारात पाहुण्यासारखे बसलेले. मी अंदाजपत्रक पाठ केलं होतं. त्यात या मधल्या वेळेसाठी एकही ओळ नव्हती. सादिलमध्येसुद्धा नाही. आणि माझ्या आराखड्यातही नव्हती, हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण रंगीत पेन्सिली माझ्या हातात होत्या.

मंदा म्हणाली, “तुमी इथं कुणाला भाषणं देता? निम्मा वॉर्ड तर फडावर हाय.” बरोबर होतं. आमच्याकडं निवडणूक हिवाळ्याच्या शेवटी आली की अर्धे मतदार गावात नसतात. आबा मतदानाच्या आदल्या दिवशी गाड्या पाठवून त्यांना आणायचे. माझ्याकडं गाडी नव्हती, म्हणून मी आराखड्याची गुंडाळी बगलेत मारून एसटीनं निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलली, पुढं आणखी दोन. एका पोलिसानं गुंडाळी उघडायला लावली आणि बघून म्हणाला, छान काढलंय, पोराच्या शाळेचं का?

फडावर पोचलो तेव्हा दुपार होती. तिकडं पाटाला पाणी होतं. इतकं पाणी मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. काही काम नसताना मी त्यात हात बुडवून बसलो. आमच्या गावची माणसं दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडत होती, अंगाला पाचटाचे ओरखडे, डोक्याला फडकी. दगडूनं मला पाहून कोयता खाली ठेवला. त्याची बायको मोळी बांधत होती, तिनं पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या दिला. मी उसाच्या मोळीवर कागद पसरला. चार-सहा जण भोवती बसले. मी आवाज लावला.

दगडू शांतपणे ऐकत होता. मग त्यानं चिकानं काळं झालेलं बोट कागदावर ठेवलं, हलकेच, डाग पडू नये म्हणून, आणि वेशीपासून लिंबापर्यंत आणलं. “बापू, आई बसती ती जागा कुठं हाय ह्यात?”

मी गाळा नंबर एकवर बोट ठेवलं. “ही.”

“म्हंजी हा गाळा आईला?”

“गाळ्यांचा लिलाव होईल, दगडू. नियम आहे. बोली लावावी लागेल.”

त्यानं बायकोकडं पाहिलं. सासूला ती मामी म्हणायची. म्हणाली, “मामींनी बोली लावायची?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. कुणीतरी हसलं. दगडूनं कागदाची नीट गुंडाळी केली, सुतळी बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “ट्रक भरायचा हाय, बापू. तुमी जेवून जावा.” मी जेवलो. बाजरीची भाकरी, ठेचा आणि उसाचा एक कांडा. एवढ्या लांबून मत मागायला आलेल्या माणसाला कुणी वाईट बोललं नाही. त्यांनी बोलायला हवं होतं.

मतदानाला ती माणसं आबांच्या गाडीतून आली, मत देऊन त्याच गाडीतून परत गेली. लेकरांशी बोलायला त्यांना तासभर मिळाला असेल. टपरीच्या बाकड्यावर दगडूची बायको लेकीची वेणी घालत बसली होती आणि गाडीवाला भोंगा देत होता. वेणी पुरी होईपर्यंत ती उठली नाही.

केजला मोजणी झाली. मी अकरा मतांनी पडलो. अकरा हा फार वाईट आकडा आहे. शंभरानं पडला तर माणूस घरी जाऊन झोपतो. अकरा असले की चेहरे मोजत बसतो. परतताना जीपमध्ये आबांची माणसं गुलालानं माखलेली, त्यात मी एकटा स्वच्छ. त्यांनी मला जागा दिली, आग्रहानं पेढा दिला, आणि एक जण म्हणाला, “सेक्रेटरी, वाईट वाटून घेऊ नका बरं. तुमचं भाषण नसतं तर मजाच नसती आली.”

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो. जाऊ की नको असं झालं होतं, पण सवय होती. काकूनं चहा गाळला, पेला पुढं केला आणि खाली बघून म्हणाली, “बापू, मी न्हाई दिलं तुमाला मत. आमच्या घरातली तिन्ही मतं आबाला गेली.”

मला तोंडावर असं कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचं गाव तर शपथा घेऊन सांगत होतं की मत तुम्हालाच दिलं. त्यांची बेरीज केली असती तर मी सरपंच झालो असतो.

“का काकू?”

“मी इचारलेलं तुमी सांगितलं न्हाई.”

चहा गोड होता. पैसे तिनं घेतले. तेही मला बरं वाटलं.

पाऊस पुढच्या वर्षी आला. म्हशी परतल्या, संस्थेत थोडं दूध आलं, मग खासगी डेअरीच्या गाड्या दारोदार यायला लागल्या आणि ते दूध तिकडं गेलं. बाजारतळ सुधारणेची ओळही अखेर मार्गी लागली. आबांच्या पॅनलनं निधी आणला. आणि काय सांगू, आराखडा माझाच होता. तेच चोवीस गाळे, तीच शेड. कुणीतरी माझा कागद उतरवून घेतला होता. मला खात्री कशी? गटाराचा उतार मी चुकून उलट्या बाजूला दाखवला होता. तो तसाच्या तसा बांधला गेला. आजही मोठा पाऊस झाला की ते गटार पंचायतीच्या दारात येऊन थांबतं. तेवढं पाहिलं की मी मनोमन सही ठोकतो.

काम सुरू व्हायच्या दिवशी पहिली टपरी काकूचीच उचलली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे पडले, बाकडं पडलं. काकू एका हातात स्टो आणि एका हातात किटली घेऊन लिंबाखाली उभी होती. किटलीतून वाफ येत होती, म्हणजे चहा झालेला होता. गाळे कुणाला मिळणार ते लिलावात ठरायचं होतं, आणि तिला मिळणार नाही हे आधीच ठरलेलं होतं. मजूर, मिस्त्री, आबांची माणसं, सगळे तिच्याकडं न बघण्याच्या कामात गुंतले होते.

मी ओट्यावर उभा होतो. त्याच ओट्यावर, जिथून मी भाषण दिलं होतं. पत्र्याची सावली असलेला, झाडून घेतलेला, दोन खाटा मावतील एवढा रिकामा ओटा. सकाळी दुधाची रांग उभी राहावी म्हणून बांधलेला, आणि रांग संपून गेलेली. माझं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. काकूनं तेव्हा विचारलं होतं, तोवर मी कुठं बसू. उत्तर माझ्या चपलांखाली होतं. मी त्याच्यावर उभा राहून, माइक धरून, कळ सोसायला सांगत होतो.

“काकू,” मी म्हणालो, “वर या.”

ती लगेच आली नाही. म्हणाली, “संस्थेचा वटा हाय. तुमचं डायरेक्टर काय म्हणत्याल?”

“त्यांना मीटिंगमध्ये विचारतो. तोवर बसा.”

मी विषय रीतसर पत्रिकेवर घेतला. पण मीटिंगला कधीच पुरेशी माणसं जमली नाहीत. तो विषय दर वर्षी पुढच्या सभेवर ढकलला जातो. ढकलतो मीच. संस्थेचा ओटा शेवंताकाकूला कुणी दिलेला नाही आणि कुणी नाकारलेला नाही, आणि आता त्यालाही बरीच वर्षं होऊन गेली. दगडूची लेक याच ओट्यावर अभ्यास करून केजच्या कॉलेजात गेली. दगडू आणि त्याची बायको अजूनही दसऱ्याला जातात.

गाळ्यांतले निम्मे बंद असतात. घेतलेले आहेत, उघडलेले नाहीत. त्यांच्यापुढं आता सिमेंटचे ठोकळे बसवलेत, दुपारी इतके तापतात की अनवाणी बाई उड्या मारत जाते. आणि टँकर सुरू झाला की त्या ठोकळ्यांवर फक्कीचे चौकोन पडतात. हे कुणी ठरवलं नाही, पंचायतीच्या कुठल्या ठरावात नाही. मधल्या प्रत्येक दुष्काळात पडले. एका घराला एक चौकोन, कुणाचा दगड कुणी हलवायचा नाही. गफूरभाई होते तोवर ते काढायचे. शेवटी शेवटी हात कापायचा, पण वाटी हातात घेतली की रेघ सरळ. आता ते नाहीत. तोंडात चुन्याची चव आली की मला ते आठवतात.

आज सकाळी काकू फक्कीची वाटी घेऊन ओट्याखाली उतरली. वय झालंय, कमरेत वाकलीय, रेघ जरा नागमोडी येते. पण माप चुकत नाही, गफूरभाईंची पावलं तिनं पाहिलेली आहेत. गाव वाढलंय, घरं वाढलीत, चोवीस चौकोन पुरत नाहीत. लिंबापासून सुरू करून ती एकेक चौकोन काढत, थांबत, कमरेवर हात ठेवून श्वास घेत इकडं येत होती. मंदा तिच्या मागून हंडे लावत होती. मी खुर्चीत बसून बघत होतो. पन्नाशी उलटलेल्या सेक्रेटरीला दुसरं काम काय?

चौकोन ठोकळे संपवून ओट्याच्या पायरीला लागले, आणि मग पायरी चढून वर आले. काकू माझ्या खुर्चीपाशी थांबली. वाटीतली फक्की सारखी केली.

“बापू, खुर्ची काडा हितून. तीन घरं ऱ्हायलीत.”

मी उठलो. खुर्ची उचलली आणि तिथंच उभा राहिलो. एका हातात खुर्ची, डोक्यावर पत्रा, समोर गाव.

“काकू, टँकर जाईतोवर मी कुठं बसू?”

तिनं वर पाहिलं. तिला आठवत होतं. चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही, पण आठवत होतं. मग ती स्टोकडं गेली, शेजारचं बाकडं पदरानं पुसलं, त्यावरची किटली उचलून खाली ठेवली, आणि एका माणसापुरती जागा केली.